मेव्राव हान यांच्या दुकानातली गोदंती

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या या अंकाच्या वाचकांपैकी निदान वीस-पंचवीस जणांना मी आजवर थाप मारलेली आहे. गणपतीत, कोजागरीला, कुणाच्या तरी मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही मला विचारलंत, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हणाले, "हेगमध्ये एका फार्मसीत असते." पुढे कुणी फार खोदून विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात आभार मानले. संपादकांनी कामाच्या अनुभवावर लिहायला सांगितलं तेव्हा वाटलं, आता खरं सांगून टाकावं. दुकान तर मागच्या वसंतात बंदच झालं.

ती फार्मसी नव्हती. द हेगच्या चिनी वस्तीत, एका बेकरीच्या आणि एका केस कापायच्या दुकानाच्या मधे, चिनी औषधांचं ते दुकान होतं. आत गेलं की डाव्या हाताला भिंतभर लाकडी खण, उजवीकडे काचेच्या बरण्या, मधे गल्ला आणि तराजू, आणि मागे पडद्याआड एक छोटी खोली, जिथे मालकीणबाई नाडी बघायच्या. मी गल्ल्यामागे उभी राहून चिठ्ठीप्रमाणे औषधं वजन करायची, कागदात बांधायची आणि ती कशी उकळायची ते गिऱ्हाइकाला सांगायची. नऊ वर्षं मी हे काम केलं.

मी मूळची कराडची. माझे वडील, नाना, तिथले वैद्य. त्यांचं बघून मीही आयुर्वेदाची पदवी घेतली, चार वर्षं त्यांच्याच दवाखान्यात बसले. मग लग्न झालं, प्रसादला स्लोटरडाइकच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही इथे आलो. इथे माझ्या पदवीचा उपयोग शून्य. ते कुणाचं चुकलं असं नाही, इथला कायदाच तसा आहे. पण चौतीस वर्षांच्या बाईला, जिला गावात लोक 'डॉक्टर ताई' म्हणून हाक मारायचे, तिला दिवसभर खिडकीतून सायकली मोजत बसणं जड जातं. एके दिवशी प्रसादचं काही काम होतं म्हणून आम्ही हेगला गेलो. मी मोकळीच होते, फिरता फिरता त्या दुकानासमोर आले आणि दारातून ज्येष्ठमधाचा वास आला. मी आत शिरले आणि खणांजवळ उभी राहून नुसता वास घेत राहिले.

गल्ल्यामागच्या बाईंनी मला बराच वेळ हटकलं नाही. साठीच्या असाव्यात. ठेंगण्या, पांढरे केस आखूड कापलेले, अंगात पुरुषी कार्डिगन. शेवटी त्यांनी एक खण ओढला, एक मुळी माझ्या हातात दिली आणि भुवया उंचावल्या. मी म्हणाले, "आलं. सुंठ." त्यांनी दुसरी दिली. दालचिनी. तिसरी मला आली नाही. चौथ्या वेळी त्यांनी एका बरणीतून पांढरा, रेशमासारखी चकाकी असलेला दगडाचा तुकडा काढला. मी तो नखाने खरवडला आणि म्हणाले, "गोदंती." त्यांना तो शब्द कळला नाही, पण मी डोक्याला हात लावून तापाची खूण केली. त्या हसल्या आणि डचमध्ये काहीतरी बोलल्या, जे मला कळलं नाही. त्याचा अर्थ नंतर कळला. त्या म्हणाल्या होत्या, "सोमवारी ये."

त्या मेव्राव हान. मेव्राव म्हणजे डचमध्ये बाईसाहेब. त्या चीनमधल्या वेन्झोऊच्या, तिशीत इथे आलेल्या. माझं नाव सुजाता, ते त्यांनी 'सू' करून टाकलं. सू हे चिनी आडनाव आहे म्हणे, त्यामुळे टपालवाला मलाही त्यांचीच नातेवाईक समजायचा. डच मी त्यांच्याकडूनच शिकले. परिणामी माझं डच आजही चिनी वळणाचं आहे, आणि शेजारच्या बेकरीवाल्याला मी फोनवर बोलले की त्याच बोलतात असं वाटायचं.

बाहेरच्यांना वाटतं चिनी औषध म्हणजे जडीबुटी. पण त्यात दगडही असतात. लोहचुंबकाचा दगड कानात सतत आवाज येत असेल तर वापरतात. हाडांचे जीवाश्म असतात, त्यांना ते 'ड्रॅगनची हाडं' म्हणतात, ते धडधड आणि झोप न येणं यावर. हिंगूळ हे लाल खनिज तर चिनी वैद्यकातही आहे आणि आपल्यातही. पण त्यात पारा असतो, त्यामुळे इथे तो विकायला बंदी. मेव्राव हान त्याचा खडा दुकानात दाखवायलासुद्धा ठेवत नसत. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला येऊन बायकोच्या झोपेसाठी 'त्या लाल गोळ्या' मागायचे. दर महिन्याला मेव्राव हान त्यांना नाही म्हणायच्या, मग खुर्ची देऊन चहा पाजायच्या आणि बायकोची चौकशी करायच्या. माझ्या मते ते पुढे पुढे चहासाठीच यायचे. ग्रोनिंगनहून एकदा आपलाच एक मराठी विद्यार्थी आला होता, परीक्षेत लक्षात राहण्यासाठी एखादा दगड आहे का विचारत. त्याला मी मराठीत सांगितलं, "झोप काढ." तो इतका दचकला की छत्री विसरून गेला.

सगळ्यात जास्त खपायचा तो म्हणजे गोदंतीचा दगड. चिनीत त्याला 'शी गाओ' म्हणतात. शाळेत आपण ज्याला जिप्सम म्हणतो तोच. त्यांच्या मते तो अतिशय थंड. खूप ताप, घाम, न भागणारी तहान, सुजून लाल झालेल्या हिरड्या, अशा ठिकाणी तो देतात. दगड कुटून, इतर औषधांच्या आधी अर्धा तास एकटाच उकळायचा, मग बाकीची घालायची, गाळायचं आणि पाणी प्यायचं. म्हणजे दगड पोटात जातच नाही, त्याचं पाणी जातं. हाच दगड भाजून त्याची पूड केली की ती मात्र फक्त बाहेरून लावायची. चिघळणाऱ्या इसबावर, ओल्या जखमेवर. दुकानात दोन बरण्या शेजारी शेजारी होत्या. एकीत कच्चा कुटलेला, दुसरीत भाजलेला. दोन्हींवर चिनी अक्षरं.

आणि इथेच माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एक काटा होता. आपल्याकडे गोदंती कच्ची कधीच देत नाहीत. आधी शुद्ध करायची, मग कोरफडीच्या रसात खलून शेणींच्या आचेत भाजायची, तिचं भस्म करायचं आणि मग ते भस्म तापावर, डोकेदुखीवर पोटात द्यायचं. नानांच्या दवाखान्यामागे मी स्वतः ती भट्टी लावलेली आहे. कच्चं खनिज रोग्याला देऊ नये, हे माझ्या हाडात मुरलेलं. आणि इथे मी रोज उलटं करत होते. कच्चं पोटात, भाजलेलं बाहेरून.

मला तिथे लागून आठ महिने झाले असतील. मेनेर ब्राम म्हणून एक गिऱ्हाईक होतं. मेनेर म्हणजे साहेब. ते निवृत्त ट्राम चालक, सत्तरीच्या आसपास, उंच, आवाज मोठा. हिरड्या सुजून दुखत होत्या, तोंडाला कोरड पडायची. मेव्राव हान पहिल्या भेटीत प्रत्येकाला विचारायच्या, "तुमच्या डॉक्टरांना दाखवलंत ना?" ब्राम म्हणाले होते, "दाखवलं. पॅरासिटामॉल घ्या म्हणाले." इथले डॉक्टर कशावरही तेच सांगतात, त्यामुळे इथे राहणाऱ्या कुणालाही हे उत्तर पटावं असंच आहे. मेव्राव हान यांनाही पटलं. त्यांनी पोटातली उष्णता वाढली असं निदान केलं आणि औषध सुरू केलं. त्या दिवशी ते तिसऱ्यांदा आले होते. हिरड्या थोड्या बऱ्या होत्या, तहान तशीच. मेव्राव हान यांनी चिठ्ठीवर शी गाओचं प्रमाण वाढवलं.

मी चिठ्ठी वाचली आणि न राहवून त्यांना म्हणाले, "एवढा कच्चा दगड? यांना भाजलेला दिला तर? आमच्याकडे भाजलेलाच देतात."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्या मागे न वळता म्हणाल्या, "सू, इथे तू वजन करतेस. नंतर सांगते."

ब्राम माझ्याकडे बघून जरा कीव आल्यासारखे हसले. त्या हसण्याने मला जे झालं ते मी आज स्पष्ट लिहिते, कारण पुढे जे घडलं त्याला चूक म्हणणं हा त्या शब्दाचा अपमान आहे. चूक नकळत होते. मी ते जाणूनबुजून केलं. मला वाटलं, मी शिकलेली आहे, हा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा आहे, याला कच्चा दगड पाजणं माझ्याच्याने होणार नाही. मी दुसऱ्या बरणीचं झाकण उघडलं, भाजलेली पूड चिठ्ठीतल्या वजनाइतकी मोजली, वेगळ्या पुडीत बांधली आणि ब्रामना म्हणाले, "ही आधी उकळा." ते धन्यवाद म्हणून निघून गेले. मला खूप बरं वाटलं, हेही खरं.

दुपारी दोनच्या सुमाराला गर्दी ओसरली. मेव्राव हान यांनी दोन कप आणले आणि म्हणाल्या, "आता बस. सकाळी मी तुला नीट उत्तर दिलं नाही." त्यांनी एका कपात भाजलेल्या शी गाओची पूड घेतली, थोडं पाणी घालून काडीने ढवळलं आणि कप बाजूला ठेवला. दुसऱ्या कपात चहा ओतून मला दिला. माझा चहा संपेपर्यंत त्या टोफूबद्दल बोलत होत्या. त्यांच्या आईचा टोफूचा धंदा होता आणि सोयाबीनचं दूध जमवून पनीरसारखा टोफू करायला हाच दगड लागायचा. मग त्यांनी पहिला कप उचलला आणि टेबलावर उपडा केला. काहीच पडलं नाही. काडी आत रुतून बसली होती.

"भिंतीला लावतात ते हेच," त्या म्हणाल्या. "हाड मोडल्यावर पायाला घालतात ते हेच. आम्ही बेताचंच भाजतो. ते पाणी मिळालं की पुन्हा दगड होतं. पोटात गेलं तर आतडं धरून बसेल. तुमच्याकडे खूप जास्त आचेवर जाळत असतील, तसं जळलेलं मग जमत नाही. नाव एक, दगड एक, पण आच वेगळी."

मला आठवतंय, मी त्या उपड्या कपाकडे बघत राहिले. गप्प बसता आलं असतं. ब्राम गाळून घेतील, पूड तळाशी राहील, काही होणार नाही, असं एक मन सांगत होतं. पण मी त्यांना गाळायला सांगितलं होतं का, तेच मला आठवेना.

मी म्हणाले, "मेव्राव हान, मी सकाळी मेनेर ब्रामना हे दिलंय."

त्यांनी फक्त विचारलं, "किती?"

मी सांगितलं. त्या उठल्या, गल्ल्यातली वही काढली आणि ब्रामना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग कोट घातला, दारावरची पाटी उलटी केली आणि म्हणाल्या, "चल."

ब्राम लोसडाउनेनला राहायचे, हेगच्याच दुसऱ्या टोकाला. ट्राममध्ये आम्ही दोघी समोरासमोर बसलो होतो. मेव्राव हान फोन लावत होत्या, मी स्टॉप मोजत होते. त्या माझ्यावर ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. नानांचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. त्यांना मी फोनवर सांगितलं होतं की मी इथे एका संशोधन प्रकल्पात आहे. कराडच्या वैद्यांची मुलगी परदेशात पुड्या बांधते, हे मला त्यांना सांगवलं नव्हतं. आणि आता पुड्याही तिने धड बांधल्या नव्हत्या.

तळमजल्याचं घर होतं. आम्ही बराच वेळ घंटा वाजवली. शेवटी ब्राम दारात आले. झोपेतून उठलेले, केस विस्कटलेले. आम्हाला दोघींना बघून ते गोंधळले.

"प्यायलात का?" मेव्राव हान यांनी दारातच विचारलं.

"काय? औषध? नाही, अजून गरम आहे. ओतून ठेवलंय."

मेव्राव हान सरळ स्वयंपाकघरात गेल्या. खिडकीत कप होता, शेगडीवर पातेलं. पातेल्यात तळाशी औषधाचा चोथा पांढऱ्या लेपात अडकून बसला होता. त्यांनी चमचा खुपसला तर तो सहज बाहेर येईना. त्यांनी कप बेसिनमध्ये ओतला आणि माझ्याकडे वळल्या. "तू सांग यांना."

मी माझ्या मोडक्या डचमध्ये सांगितलं. चिठ्ठीत एक लिहिलं होतं, मी दुसरं दिलं, मेव्राव हान यांना न विचारता दिलं, त्यांचा काही दोष नाही. ब्राम पातेल्यात डोकावले. मग म्हणाले, "प्लास्टर? माझ्या हिरड्या लिंपणार होतात की काय?" आणि हसायलाच लागले. हसता हसता त्यांना तहान लागली. त्यांनी फ्रिजमधून संत्र्याच्या रसाचा मोठा खोका काढला आणि तो तसाच तोंडाला लावून जवळजवळ संपवला.

मी ते बघत होते. बेसिनखाली तसेच रिकामे खोके पडले होते, पाच-सहा तरी. "बसा," असं म्हणून ते शौचालयात गेले. परत आले, पाच मिनिटं बोलले आणि पुन्हा गेले. त्यांची पँट कमरेला चुण्या पडून पट्ट्यात आवळलेली होती, आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती. उजव्या पायातली सपात पुढून कापलेली, आत बोटाला फडकं गुंडाळलेलं. दुकानात ते नेहमी बुटात आणि कोटात यायचे. तिथे यातलं काहीच दिसायचं नाही.

मी विचारलं, "मेनेर ब्राम, वजन किती उतरलंय?"

"बायको गेल्यापासून जेवण कुठे धड होतंय? उतरणारच."

"पायाला काय झालंय?"

"नवीन बुटाने चावलं. दोन महिने झाले, बरं होत नाही."

"तुमच्या डॉक्टरांना कधी दाखवलं होतं? खरं सांगा."

त्यांनी टेबलावरचे चुरे बोटाने गोळा केले. मग म्हणाले, "बायकोच्या, मारीच्या, शेवटच्या आजारात. त्याला दोन वर्षं झाली. पुन्हा त्या खुर्चीत बसायची इच्छा नाही."

मी मेव्राव हान यांच्याकडे वळले. मला शब्द सुचत नव्हता. मधुमेहाला डचमध्ये साखरेचा आजार म्हणतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "साखर. रक्तात साखर. आमच्या पुस्तकात हे सगळं असंच लिहिलंय. तहान, लघवी, वजन, जखम." मेव्राव हान यांनी डोळे मिटले. दोनच क्षण. मग त्या ब्रामना म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरांचा दवाखाना कुठे आहे?"

"दोन गल्ल्या पलीकडे. पण मी जाणार नाही."

"आम्ही खुर्चीशेजारी उभ्या राहतो," मेव्राव हान म्हणाल्या आणि त्यांचा कोट पुढे धरला. का कुणास ठाऊक, त्यांनी मुकाट्याने हात घातले.

आधी फोन केला. तिथल्या सहायक बाईंनी चार प्रश्न विचारले आणि लगेच घेऊन या म्हणाल्या. ब्राम मधे आणि आम्ही दोघी दोन बाजूंना, असे आम्ही हळूहळू चालत गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचून थेंब यंत्रावर घेतला. यंत्रावर आकडा उमटलाच नाही. साखर मोजण्याच्या पलीकडे गेली की त्यावर नुसतं 'हाय', म्हणजे जास्त, असं येतं. त्यांनी पाय बघितला, हॉस्पिटलला फोन केला आणि मग आमच्याकडे वळून विचारलं, "तुम्ही कोण?"

मेव्राव हान यांनी सगळं सांगितलं. तीन आठवडे मी यांना औषध देते आहे. काय काय दिलं. आज कोणता दगड चुकून गेला. तो पोटात गेला नाही. त्या एकेक गोष्ट सावकाश सांगत होत्या आणि डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. मी बुटांकडे बघत होते.

"आणि साखरेचा संशय कुणाला आला?"

"हिला," मेव्राव हान म्हणाल्या. "ही डॉक्टर आहे."

या देशात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. तो शब्द माझ्यासाठी कुणी पहिल्यांदाच वापरला होता, आणि तोही अशा दिवशी, जेव्हा मला तो घेण्याचा काहीच हक्क नव्हता. मी घाईघाईने म्हणाले, "भारतात. भारतात होते." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "चांगलं झालं तुम्ही आज घरी गेलात."

ब्राम दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. पाय वाचला. त्याची करंगळी मात्र गेली. ते स्वतः त्याचं काही वाटून घेत नसत, ब्रेक दाबायला करंगळी लागत नाही म्हणायचे. पण ते तीन आठवडे आमच्याकडे येत होते, माझ्यासमोर उभे राहून तहान लागते म्हणत होते, आणि मी फक्त दगड कच्चा की भाजलेला यावर मनात वाद घालत होते. पहिल्याच दिवशी मी दगड सोडून माणसाकडे बघितलं असतं, तर कदाचित ती करंगळीही राहिली असती. याची रुखरुख मला आहे आणि ती जाईल असं वाटत नाही.

त्या संध्याकाळी परतीच्या ट्राममध्ये मी मेव्राव हान यांना म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. तुम्हाला सांगावं लागू नये म्हणून मीच सांगते."

त्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "तू जाणून दुसरी बरणी उघडलीस. ते वाईट. पुन्हा केलंस तर मी तुला ठेवणार नाही." मग म्हणाल्या, "मी तहान ऐकली आणि दगड वाढवला. चाळीस वर्षं झाली मला या कामात. हे त्याहून वाईट. तू तुझं सांगितलंस म्हणून माझं सापडलं." स्टॉप आला तेव्हा उठता उठता त्यांनी विचारलं, "उद्या दहाला येशील ना?"

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा गल्ल्यावर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि मार्कर ठेवलेला होता. त्या म्हणाल्या, "तुझ्या अक्षरात लिही." मी प्रत्येक बरणीवर आणि खणावर, चिनी अक्षरांखाली, देवनागरीत नाव आणि उपयोग लिहिला. त्याला चार दिवस लागले. एकेका औषधापाशी त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्याकडे याचं काय करतात?" मी सांगायचे. मग त्या त्यांचं सांगायच्या. कुठे जुळायचं, कुठे उलटं निघायचं. नऊ वर्षांतलं माझं खरं शिक्षण त्या चार दिवसांत सुरू झालं. आणि त्यानंतर दुकानात एक नियम झाला. जास्त तहान, वजन उतरणं, न भरणारी जखम, यातलं काहीही कुणी बोललं की आधी रक्त तपासून आणायचं, कागद दाखवायचा, मग औषध. काही गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली. मेव्राव हान म्हणाल्या, "तुटू देत."

नाना इथे आले ते त्यानंतर चार-पाच वर्षांनी, आई गेल्यावर. तोवर मी त्यांना खरं सांगितलं नव्हतं. संशोधनाची थाप मी इतकी वर्षं सांभाळली होती की तिचा मलाच कंटाळा आला होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुठलासा प्रयोगशाळेचा विषय काढला आणि मी म्हणाले, "नाना, उद्या माझ्या कामाच्या जागी चला." त्यांना घेऊन मी सरळ दुकानात गेले.

नाना दारात थांबले आणि त्यांनी खोल श्वास घेतला. मग माझ्याकडे न बघता खणांजवळ गेले आणि माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या एकेक करून वाचू लागले. मेव्राव हान यांनी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बरण्या मांडल्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ते वास घ्यायचे, जिभेला लावायचे, माना हलवायचे. शी गाओचा तुकडा हातात घेऊन नाना म्हणाले, "गोदंती. उत्तम आहे." मेव्राव हान म्हणाल्या, "गोदांती." तो शब्द त्यांना आता पाठ होता.

मग नानांनी मला सांगितलं, "त्यांना विचार, ही कामाला कशी आहे?"

मी विचारलं. मेव्राव हान पाठ ताठ करून बसल्या आणि बोलू लागल्या. त्या खूप वेळ बोलल्या. पहिल्या दिवशी मी मुळ्या कशा ओळखल्या ते सांगितलं. मग ब्रामचं सगळं सांगितलं. मी कोणती बरणी उघडली, का उघडली, कपात काडी कशी रुतली, मी कसं कबूल केलं, आणि त्या घरात जाऊन मी काय बघितलं जे त्यांना तीन आठवडे दिसलं नाही. काहीही गाळलं नाही.

मी नानांना म्हणाले, "कामाला चांगली आहे म्हणतात."

"बाई पाच मिनिटं बोलल्या," नाना म्हणाले. "त्यात तुझ्या डोळ्यात पाणी आलं. आणि तू मला एवढंच सांगतेस?"

मग मी सगळं सांगितलं. संशोधन वगैरे काही नव्हतं, मी इथे पुड्या बांधते, इथपासून सुरुवात केली. बरणीचं सांगितलं. करंगळीचं सांगितलं. नानांच्या हातात तो पांढरा तुकडा होता, तो ते अंगठ्याने घासत होते. माझं बोलून झाल्यावर त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि खुर्चीतून उठून मेव्राव हान यांना नमस्कार केला. त्याही गडबडून उठल्या.

"त्यांना सांग," नाना मला म्हणाले, "माझ्याकडे शिकली तेव्हा माझी मुलगी हुशार होती. वैद्य ती तुमच्याकडे येऊन झाली."

मी भाषांतर करायला गेले आणि अडले. वैद्य या शब्दाला डचमध्ये शब्द सुचेना. डॉक्टर म्हटलं असतं तर ते खरं नव्हतं, आणि नानांना म्हणायचं होतं तेही नव्हतं. शेवटी मी तो शब्द तसाच ठेवला आणि बाकीचं वाक्य त्यांच्याकडूनच शिकलेल्या डचमध्ये सांगितलं.

मेव्राव हान यांनी "वैद्य" असं एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. मग त्यांनी मान डोलावली आणि नानांना म्हणाल्या, "हो. झाली."